हलत होता तो कमोड

म्हातारी हलतेय की तिच्या बुडाखालचा कमोड हलतोय, हे ओळखायला फार अक्कल लागत नाही. एकदा त्याच्यावर बसावं लागतं, बस. पण पेगच्या घरचं कुणी बसायलाच तयार नव्हतं. सगळे दारात उभं राहून माना हलवत होते.

पेग हाव्रिल्ला माझी शेजारीण. आमची घरं टेकडीच्या उतारावर इतकी खेटून आहेत की तिनं कांदा परतला तर डोळे माझे चुरचुरतात. खाली नदी, नदीकाठाला पोलादाचा कारखाना. म्हंजे होता, आता भिंत तेवढी उभी आहे. पेगचा नवरा वासिल तिथं भट्टीवर होता आणि मी नदीवर कोळशाचे बार्ज ढकलायचो. वासिल जाऊनही आता बरेच हिवाळे झाले.

तर झालं काय, ईस्टरच्या आधीचे उपासाचे दिवस होते. मी अंगणात बर्फाखालनं निघालेला कचरा झाडत होतो. पेगची मुलगी रेनी आली नि कुंपणापाशी थांबली. शहराच्या पलीकडं राहते ती. पोरगी वाईट नाही. पण आईच्या घरी आली तरी हल्ली अंगातला कोट काढत नाही. खुर्चीच्या टोकावर बसते, इन्शुरन्सवाल्यासारखी इकडंतिकडं बघते नि जाते.

"चेट काका," म्हणाली, "आईकडं जरा लक्ष असू दे."

"काय झालं?"

"तोल जातोय तिचा. परवा बाथरूममध्ये पडता पडता वाचली. म्हणते, सगळं हललं. आणि..." तिनं रस्त्याकडं बघितलं. "जमीन ओली असते तिथं. मी येते तेव्हा दर वेळी."

"पाणी सांडत असेल."

"पाणी नाही हो, काका." मग आणखी हळू म्हणाली, "या वयात होतं असं. डॉक्टरपण तेच म्हणाले. मेपल टेरेस वृद्धाश्रमात एक खोली रिकामी झालीय. चांगली जागा आहे, नर्सबिर्स आहेत. रविवारी आम्ही जेवायला येऊ आणि सोमवारी तिला दाखवायला नेऊ. तिला एवढ्यात सांगू नका."

रेनीची गाडी वळणाआड गेली आणि मी सांगितलं.

पेग स्वयंपाकघरात टेबलाशी बसली होती. चर्चच्या विक्रीसाठी अंडी रंगवायचं काम तिच्याकडं असतं, तिच्या आईकडं होतं तसं. मेणबत्तीवर तापवलेली बारकी पितळी टोकाची लेखणी असते. तिच्यातलं वितळलेलं मेण अंड्यावर ओढायचं आणि मग अंडं रंगात बुडवायचं. जिथं मेण तिथं रंग धरत नाही, अशी नक्षी उठते. मी सांगत होतो तेव्हा ती अंड्याच्या पोटाभोवती एक रेघ ओढत होती. मी "ओलं" म्हणलं, "मेपल टेरेस" म्हणलं, सगळं म्हणलं. रेघ थांबली नाही. गोल फिरून बरोबर जिथनं निघाली होती तिथं येऊन टेकली. केसभर इकडंतिकडं नाही. मग तिनं लेखणी खाली ठेवली.

"ओलं?" म्हणाली. "मी?"

"रेनी म्हणते."

"चल. बस."

"कुठं?"

"कमोडवर."

"पेग, अगं लोक काय म्हणतील..."

"पँट घालूनच बस रे मेल्या. तुझं काय बघायचं राहिलंय मला?"

वासिलचे गुडघे गेले तेव्हा त्याच्यासाठी खालच्या मजल्यावर, जिन्याशेजारी, ही बारकी बाथरूम काढली होती. त्याला बिचाऱ्याला ती कधी आवडली नाही. मी आत जाऊन बसलो. बसलो तो डावीकडं कललो. सावरायला गेलो तर उजवीकडं. सगळा जन्म पाण्यावर काढलाय मी, हलत्या फळीवर उभं राहून जेवलोय. तरी बेसिनला हात घातला.

"आता सांग," पेग दारातनं म्हणाली. "कोण हलतंय?"

"कमोड."

"मोठ्यानं."

"कमोड हलतोय गं बाई!"

"हेच सांगितलं मी रेनीला. तर म्हणते कशी, 'हो आई.' हळूच. मांजराशी बोलावं तसं. 'टॉडनं मागच्या उन्हाळ्यात सगळं नवं केलंय ना आई, ते कसं हलेल?'"

टॉड म्हणजे जावई. अंगानं दांडगा, मनानं मऊ. पेग बहिणीकडं गेली होती तेव्हा त्यानं गुपचूप जुन्या जमिनीवरच नव्या पांढऱ्या टाइल्स बसवल्या होत्या. कमोड उचलला, टाइल लावली, कमोड परत ठेवला आणि बुडाभोवती सिलिकॉनची पांढरी कड अशी फिरवली की केकवर क्रीम. पेग परत आली तर सगळे टाळ्या वाजवायला उभे. तेव्हापासून कमोड हलायचा. डाव्या अंगाला ती सिलिकॉनची कड हलून हलून फाटली होती, आणि ओल येत होती ती तिथनंच.

"हे पाणी कमोडातलं आहे," मी म्हणलं.

"मला माहितीय. पण मी म्हातारी. माझ्या माहितीला कोण विचारतंय?" तिनं ओल्या टाइलकडं बघितलं आणि एकदम वळून स्वयंपाकघरात गेली. आली ती निळ्या रंगाची बरणी घेऊन. अंडी बुडवायचा रंग. टाकीचं झाकण उघडून तिनं तो सगळा आत ओतला.

"पेग, अंडी?"

"अंडी थांबतील. दाब."

मी फ्लश दाबला. कमोडात पाणी असं निळं फिरलं की बघत राहावं. मग आम्ही दोघं खाली वाकून थांबलो, दोन म्हातारी डोकी कमोडाच्या दोन बाजूंना. फाटलेल्या कडेतनं आधी एक निळा ठिपका आला. मग त्याची बारीक धार झाली आणि टाइलच्या सांध्यातनं भिंतीकडं निघाली.

"चेट," पेग म्हणाली, "मी निळी मुतते का रे?"

मी हसत सुटलो. ती नाही हसली. म्हणाली, "खाली चल."

आमच्याकडं जुन्या घरांत तळघरात एक संडास असतो. भिंत नाही, दार नाही, नुसता उघड्यावर एक कमोड. कारखान्यातनं काळा होऊन आलेला माणूस वर बायकोच्या स्वच्छ घरात जायच्या आधी तिथंच सगळं उरकायचा. वासिलचा तो लाडका होता. गुडघे गेले तरी वरचा वापरीना, जिना उतरून खालीच जायचा. त्याच जिन्यावर पडला तो. म्हणून रेनीनं आईला जिना बंद केला होता.

पेग कठडा धरून एकेक पायरी खाली उतरली. मी मागं. वरच्या बाथरूमच्या बरोबर खाली वासिलचा कमोड आहे. छताच्या फळ्यांतनं थेंब पडत होता, टप्प, टप्प, त्याच्या पांढऱ्या झाकणावर. निळा.

"बघ वासिल," ती झाकणाकडं बघून म्हणाली, "आणि मला म्हणतात."

"आत्ताच्या आत्ता रेनीला फोन कर," मी म्हणलं. "येऊन बघू दे."

"मग काय होईल? टॉड धावत येईल, आणखी एक कड फिरवेल. रेनी म्हणेल, सॉरी आई. आणि मग पुढच्या महिन्यात दुसरं काहीतरी निघेल. गॅस, जिना, काहीतरी. या घरात काय बिघडलंय ते मी शोधलं, आता बसवणार पण मीच. तू नुसतं जड आहे तिथं हात लाव."

"माझे गुडघे..."

"तुझे गुडघे मी ऐकून आहे."

पाण्याचा कॉक बंद केला, टाकी रिकामी केली, राहिलेलं पाणी स्पंजनं टिपलं. पेग रबरी हातमोजे घालून पान्यानं नट सोडवत होती आणि मी सिलिकॉनची कड सुरीनं कापत होतो. मग दोघांनी मिळून कमोड उचलला. उचलला कसला, ढकलत, सरकवत, शिव्या देत जुन्या गोधडीवर नेऊन आडवा केला. पेगनं माझ्या बापाचा उद्धार केला, तो मी इथं सांगत नाही.

खाली बघितलं तर टॉडची करणी उघडी पडली. जमिनीतल्या पाइपाच्या तोंडावर एक लोखंडी कडं असतं. त्या कड्यावर मेणाची जाड रिंग ठेवतात आणि तिच्यावर कमोड दाबून बसवतात. मेण चेपतं, फट बुजते, पाणी बाहेर येत नाही. पण टॉडनं टाइल चढवून जमीन उंच केली आणि कडं राहिलं खाली खड्ड्यात. रिंग वरपर्यंत पोचेना, म्हणून पठ्ठ्यानं एकावर एक दोन रिंगा रचल्या होत्या. वरची घसरली होती. एका बाजूला चेपून चपाती झालेली आणि दुसऱ्या बाजूला कमोडाला शिवलेलीसुद्धा नाही. जमीन पण एका अंगाला उतरती. मग हलणार नाही तर काय?

पेगनं सगळं मेण पात्यानं खरवडून काढलं. स्क्रूड्रायव्हर घेऊन लाकूड टोचून बघितलं. वरनं ओलं, आतनं कडक. पाइपात चिंधी कोंबली, म्हणजे वास वर येणार नाही, आणि पंखा लावून दिला वाळायला.

"आणि तोवर तू जाणार कुठं?" मी विचारलं.

तिनं तळघराकडं बोट केलं. "वासिलच्या सिंहासनावर. आणि तू खाली यायच्या आधी हाक मारायची. शिट्टी वाजव. काहीही कर."

मग तिनं टाइलवर एक पट्टी आडवी ठेवली, आणि अंड्यांच्या मेणबत्तीचा एक तुकडा कापून कड्यावर उभा केला. तासत तासत पट्टीला बरोबर टेकेल एवढा केला. कडं किती खाली आहे त्याचं माप. तो तुकडा खिशात टाकला, टॉडच्या दोन चेपलेल्या रिंगा पावाच्या पिशवीत घातल्या आणि मला म्हणाली, "गाडी काढ."

सॅलचं हार्डवेअरचं दुकान म्हंजे आमची संसद. कॉफी फुकट, बाकी सगळं महाग. गल्ल्यामागं सॅल आणि कॉफीच्या मशीनपाशी मर्ल. मर्लनं सगळं आयुष्य प्लंबिंग केलं, आता रिटायर होऊन दुसऱ्यांच्या प्लंबिंगवर बोलतो.

"पेग!" सॅल म्हणाला. "काय पाहिजे?"

"कमोडाखाली घालायचं सील."

सॅलनं न बघता मागं हात घातला आणि मेणाची रिंग ठेवली समोर. "झालं."

"हे मेण."

"मग काय लोणी लावणार?"

"दुसरं काय काय आहे?"

सॅलनं मर्लकडं बघितलं, मर्लनं माझ्याकडं, मी कॉफीकडं. सॅलनं सगळं काढून मांडलं. साधी मेणाची रिंग. जाड मेणाची. मधे प्लॅस्टिकचं नरसाळं असलेली मेणाची. आणि सगळ्यात शेवटी, काहीतरी वंगाळ दाखवावं तसं, जाड काळ्या रबराची एक रिंग. खाली लांब तोंड, पाइपात घुसून घट्ट बसणारं, आणि उंची कमीजास्त करायला वेगळा थर.

"रबर घेऊ नको," मर्ल म्हणाला. "माझ्या बापानं मेण बसवलं, मी मेण बसवलं. पोपचा कमोड पण मेणावरच बसला असेल."

"तू बसवायला गेला होतास?" पेग म्हणाली.

"मेण कसंही असलं तरी फट भरतं गं. ओबडधोबड असू दे, वाकडं असू दे. मऊ असतं ना. जमीन हलली नाही तर मेण तुझ्यामाझ्यापेक्षा जास्त जगतं."

"ते खरंय," मी म्हणलं. मी पण मेणाचाच माणूस. बार्जवरचे संडास मेणावरच होते.

पेगनं पावाची पिशवी गल्ल्यावर उलटी केली. टॉडच्या रिंगा पडल्या. सॅल मागं सरकला.

"पेग! लोक इथं कॉफी पितात!"

"दोन रचल्या होत्या," ती म्हणाली. "कडं एवढं खाली आहे." आणि मेणबत्तीचा तुकडा उभा केला.

मर्लनं चष्मा पुसून बघितलं. "मग जाड घे. जाड मेणाची पोचेल. पोराला रचता आल्या नाहीत, त्यात मेणाचा काय दोष?"

"दोष कुणी दिला? मेण मला शिकवू नको, मर्ल. तू पाइपात घातलंस, मी अंड्यावर ओढलंय, परकरात होते तेव्हापासून. रेघ एकदा पडली की पडली. चुकली तर पुसता येत नाही, अंडं टाकून दुसरं घ्यायचं. आता नीट सांग. कमोड मेणावर टेकवला, वाकडा बसला, पुन्हा उचलला. मेणाचं काय?"

"गेलं," मर्ल म्हणाला. "चेपलेलं परत फुगत नाही. नवीन घालायचं. म्हणून तर पहिल्या झटक्यात सरळ उतरवायचा असतो."

"मी अशी, आणि मदतीला हा." तिनं माझ्याकडं अंगठा केला. "आमचा पहिल्या झटक्यात सरळ उतरेल?"

दोघंही माझ्याकडं बघत राहिले. मला जरा लागलं ते.

"आणि रबर?"

सॅल खाकरला. "रबर... उचलायचं, परत ठेवायचं. चालतं त्याला."

"बोल्ट सापडला नाही, कलला, पुन्हा उचलला, तरी?"

"तरी चालतं. पण पेग, वासिल असता तर..."

वासिल मेणाचा माणूस, हे सगळ्यांना ठाऊक. तळघरातला कमोड त्यानंच बसवलेला. अजून हलत नाही.

"वासिल असता तर मेणच घेतलं असतं त्यानं," पेग म्हणाली. "आणि एका झटक्यात बसवलं असतं. वासिलचं सगळंच एका झटक्यात. जिन्यावर पण एकदाच पडला." तिनं मेणाच्या तिन्ही रिंगा सॅलकडं सरकवल्या. "मला चुकायला मुभा देणारं पाहिजे. रबर दे. आणि पाचरी दे, प्लॅस्टिकच्या. आणि पितळेचे बोल्ट."

"गंजणार नाहीत असे," मर्ल पुटपुटला.

"म्हणून तर पितळेचे, गाढवा."

जमीन खडखडीत वाळल्यावर बसवायला घेतला. तिनं कड्यात बोल्ट उभे केले, थर ठेवला, रबर पाइपात दाबलं. मग आम्ही कमोड उचलला, मी पुढनं, ती मागनं.

"डावीकडं."

"माझी डावी की तुझी?"

"घराची डावी!"

"घराला डावी कुठं असते गं?"

टेकवला. एक बोल्ट भोकातनं वर आला, दुसरा नाहीच. कमोड वाकडा, रबरावर एका अंगाला टेकलेला. मेण असतं तर तिथंच गेलं असतं. पेगनं माझ्याकडं बघितलं. घामानं केस कपाळाला चिकटले होते आणि तोंडावर असं हसू, की वासिलनं याच हसण्यापायी हिच्याशी लग्न केलं असणार.

"उचल," म्हणाली. "आपल्याला चालतंय."

उचलला, परत ठेवला. परत चुकला. तिसऱ्यांदा दोन्ही बोल्ट वर आले. तिनं त्याच्यावर बसून सगळं वजन दिलं आणि रबर हळूहळू दबत गेलेलं मला दिसलं. तरी उतरत्या बाजूला हलत होताच. तिथं तिनं पाचरी सारल्या, एक, मग दुसरी, हलायचा थांबेपर्यंत. मग नट आवळले, थोडा हा, थोडा तो.

"अजून आवळ की," मी म्हणलं.

"चिनी माती आहे. तडकेल. तू आवळून आवळून तुझ्या गाडीचं काय केलंस ते आठव."

शेवटी सिलिकॉन. पुढनं नि दोन्ही बाजूंनी बारीक कड ओढली तिनं, अंड्यावरची रेघ ओढावी तशी. पण मागं, भिंतीकडच्या अंगाला, बोटभर फट मोकळी ठेवली.

"ते राहिलं."

"राहिलं नाही. ठेवलंय."

रविवारी तिनं मला पण बोलावलं. "साक्षीला," म्हणाली. कोबीच्या पानांत भात नि मशरूम भरून केलेल्या हालुपकी होत्या, उपास म्हणून मांस नाही. रेनी आली, टॉड आला. टॉडनं कोट काढला, रेनीनं नाही. जेवण झालं. रेनी पाणी पिऊन घसा साफ करायला लागली. मला कळलं, आता ती मेपल टेरेस काढणार.

"आई, उद्या आपण जरा..."

तेवढ्यात बाथरूममधनं टॉड ओरडला. "मॉम! इथलं पाणी निळं का आहे?"

"या सगळे," पेग म्हणाली आणि उठली. सकाळीच तिनं टाकीत पुन्हा निळा रंग ओतला होता.

त्या खुराड्यात चौघं मावत नाहीत. मी दारात थांबलो. पेगनं कमोडाच्या बुडाभोवती पांढरे टिश्यू पेपर अंथरले, झाकण पाडलं आणि टॉडला म्हणाली, "बस."

"आत्ता?"

"झाकणावर बस रे बाबा. आता हल. डावीकडं. उजवीकडं. असा नाही, तुझ्या लग्नात नाचला होतास तसा."

टॉड दांडगा माणूस, त्यानं जीव लावून हलून बघितलं. घर हललं असेल, कमोड नाही. मग पेगनं फ्लश दाबला. आम्ही सगळे टिश्यूकडं बघत होतो. निळं पाणी आतल्या आत गेलं, वरनं नवीन आलं, टाकी भरून गप्प झाली. टिश्यू पांढरे ते पांढरेच.

"आई, हे काय चाललंय?" रेनी म्हणाली.

पेग जिन्याकडं वळली.

"आई, जिना नको! आई!"

ती कठडा धरून निम्मी उतरली होती. रेनी तिच्यामागं, हात पुढं करून, पडलीच तर धरायला. खाली दिवा लावला. वासिलच्या कमोडाच्या झाकणावर तो निळा डाग अजून तसाच होता. पेगनं पुसला नव्हता, मलाही पुसू दिला नव्हता. रेनीनं आधी त्याच्याकडं बघितलं, मग वर फळ्यांकडं. तिथंही निळं वाळलेलं. मग डागाला बोट लावलं.

"तुला जे ओलं दिसायचं," पेग म्हणाली, "ते हे."

"हे पाणी होतं?"

"दोन रिंगा रचल्या होत्या त्यानं, वाकड्या. हलत होता तो कमोड. मी तुला सांगितलं होतं."

"हो आई," रेनी म्हणाली. आणि तिचंच तिला ऐकू आलं बहुतेक, कारण तोंड मिटून घेतलं तिनं. टॉड जिन्यावर उभा होता, कान लाल झालेले.

"नीट केलं कुणी?" त्यानं विचारलं.

"मी. आणि या लंगड्यानं."

रेनी वासिलच्या कमोडावर खाली बसली. कोटासकट. "बाबा इथं पडले तेव्हा फोन मला आला होता, आई," म्हणाली. "ऑफिसात. मी आजवर फोन वाजला की दचकते. उद्या तू खरंच पडलीस तर?"

पेग मुलीसमोर उभी राहिली, कठड्याला न धरता, कशालाच न धरता.

"तर पडेन," म्हणाली. "आणि उठता आलं नाही तर तुला फोन करेन. मी करेन, रेनी. पण न पडलेल्या बाईला उचलायला येऊ नको."

रेनीनं मान खाली घातली. वर टॉडची पावलं वाजली, बाथरूमकडं गेली. बिचाऱ्याला काहीतरी करायचं होतं. ओरडला तिथनं, "मॉम, मागं फट राहिलीय! सिलिकॉनची ट्यूब इथंच आहे, मी एका मिनिटात भरून टाकतो!"

"हात लावू नको!" पेग अशी गरजली की मी भिंतीला चिकटलो. "ती फट तशीच राहील. तू सगळीकडनं बुजवलंस म्हणून पाणी आतल्या आत मुरत होतं. पुन्हा कधी गळायला लागलं तर ते पाणी बाहेर येऊ दे, मला दिसू दे." मग ती रेनीकडं वळली, आवाज खाली आला. "आणि कधी मी गळायला लागले ना, तर तेही मीच सांगेन. डॉक्टर नाही. तू नाही. मी."

रेनीनं कोटाची बटणं सोडली, कोट काढून मांडीवर घेतला आणि जिन्याकडं तोंड करून ओरडली,

"टॉड! ती ट्यूब खाली ठेव!"